घरी अडकलेल्या माणसाने पुस्तके आणि चित्रपट कसे शोधावेत

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या इमारतीच्या ओल्या जिन्यावर माझा पाय घसरला, घोट्याचे हाड मोडले आणि सहा आठवड्यांचे प्लास्टर घेऊन, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी घरबंद झाले. पहिल्या तीन दिवसांत नातेवाइकांनी आणि मैत्रिणींनी 'आता निवांत वाच, निवांत बघ' असे म्हणत मोबाइलवर नावांचा इतका मारा केला की चौथ्या दिवशी मोजली तेव्हा ती ४१ भरली. त्यांतले एकही पुस्तक मी उघडलेले नव्हते आणि एकही चित्रपट वीस मिनिटांच्या पुढे गेलेला नव्हता. उरलेल्या पाच आठवड्यांत मात्र मी ११ पुस्तके वाचली आणि ९ चित्रपट पाहिले, आणि त्यांतली बहुतेक नावे त्या यादीत नव्हती. मी नावे शोधणे थांबवले आणि ज्यांच्या निवडीवर विसंबता येईल अशी माणसे शोधू लागले, म्हणून हे जमले. अशी माणसे कोण असतात, घरबसल्या ती कशी गाठावीत आणि त्यांना नेमके काय विचारावे, हे पुढे लिहिले आहे. प्लास्टर असो, कांजिण्या असोत, शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती असो किंवा आठवडाभर न उघडणारा पाऊस, पद्धत फारशी बदलत नाही.

आधी शरीराचा अंदाज घ्यावा

घरी बसलेल्या माणसाजवळ वेळच वेळ असतो, असे बाहेर फिरणाऱ्यांना वाटते. प्रत्यक्षात वेळ असतो, पण त्यातला कामाचा वेळ थोडा असतो. वेदनाशामक गोळी घेतल्यावर तासाभरात डोळे जड होतात, जेवणानंतर एकच ओळ तीनदा वाचली जाते, आणि रात्री मात्र दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जाग असते. म्हणून काहीही मागवण्यापूर्वी दोन दिवस आपले डोके कोणत्या वेळी कसे चालते, एवढेच पाहावे. माझे डोके सकाळी नऊ ते अकरा स्वच्छ असे, तेव्हा कादंबरी. दुपारी दोन-तीन पानांत संपणारे काहीही. संध्याकाळी अर्धा चित्रपट, कारण पाय उशीवर ठेवून एका जागी तासापेक्षा अधिक बसवत नसे. आणि दिवा मालवल्यावर ऐकण्याचे काही. ही विभागणी ठरल्यावर 'काय वाचू' या प्रश्नाचे चार लहान प्रश्न झाले आणि त्यांची उत्तरे सापडणे सोपे गेले.

पुस्तकाच्या वजनाकडे निरोगी माणसाचे लक्ष जात नाही. मी हौसेने सातशे पानांची, पुठ्ठा बांधणीची एक ऐतिहासिक कादंबरी मागवली होती. पाठीवर पडून ती दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरली की दहा मिनिटांत मनगटे भरून येत, आणि तिसऱ्या दिवशी ती निसटून थेट नाकावर आली. त्यानंतर सासूबाईंची पोथी ठेवण्याची लाकडी ठवणी कपाटावरून खाली आली. ती मांडीवरच्या उशीवर ठेवून, पुस्तक तिच्यावर उघडे टाकून, पाठीला दोन तक्के देऊन बसले की हात मोकळे राहतात आणि चहाही पिता येतो. ठवणी नसेल तर आजारी माणसाने दीडशे-दोनशे पानांच्या, साध्या बांधणीच्या पुस्तकांवरच नजर ठेवावी. मराठीत अशी पुस्तके विपुल आहेत आणि उत्तम कथासंग्रहांपैकी बरेच याच मापाचे आहेत.

ई-पुस्तक घेताना एक गोष्ट आधी तपासावी. काही ई-पुस्तकांत अक्षर लहानमोठे करता येते आणि ओळी त्याप्रमाणे आपोआप मांडल्या जातात. किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तके अशीच मिळतात. इतर पुष्कळ ई-पुस्तके म्हणजे छापील पानांची छायाचित्रे असतात आणि ती मोबाइलवर वाचणे म्हणजे डोळ्यांना शिक्षाच असते. अशी पाने वाचायचीच असतील तर टॅब वापरावा, अथवा मोबाइल आडवा धरून अर्धे-अर्धे पान पाहावे. विकत घेण्यापूर्वी नमुन्याची पाने उघडून अक्षर मोठे होते की नुसते चित्र मोठे होते, हे पाहिले की फसगत टळते.

ग्रंथपालांना फोन करावा

आपल्याकडे निवड करणाऱ्या माणसांत पहिला मान ग्रंथपालाचा आहे आणि आपण त्यांना सर्वांत कमी विचारतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला; अनुदानासाठी अ, ब, क आणि ड अशा वर्गांत मोडणारी शासनमान्य ग्रंथालये राज्यात दहा हजारांहून अधिक आहेत. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे आहे, पण आपल्या तालुक्याच्या गावचे किंवा चौकातले लहानसे वाचनालयही या कामाला पुरते. सभासद होण्यासाठी अर्ज, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा, अनामत रक्कम आणि वर्गणी एवढे लागते, आणि घरातले कोणीही जाऊन ते काम करू शकते. काही वाचनालये थोडे अधिक पैसे घेऊन पुस्तके घरपोच देतात. जेथे ती सोय नाही तेथे शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा आठवड्यातून एकदा पिशवी नेऊन आणतो. घरपोच सेवेच्या जाहिरातीवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. एका सेवेने माझे पैसे घेऊन दोन आठवडे 'आज येतो, उद्या येतो' केले, आणि शेवटी आलेली दोन पुस्तके मी मागितलेली नव्हतीच.

फोन सकाळी वाचनालय उघडल्यावर तासाभराने करावा, कारण संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी गर्दी असते आणि ग्रंथपालांना बोलायला सवड नसते. 'काहीतरी चांगले पाठवा' असे म्हणू नये, कारण त्यावर त्या महिन्यात ज्याला मागणी असेल तेच येते. मी पहिल्या दिवशी तसेच म्हटले, तेव्हा पलीकडून ग्रंथपाल बाईंनी विचारले, "ताई, शेवटचं कुठलं पुस्तक संपवलंत, आणि कुठलं अर्धवट सोडलंत?" या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाने माझे काम केले. मी सोडलेल्या दोन पुस्तकांची नावे सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला विषय नाही खटकत, लांबण खटकते." त्यांनी पिशवीतून एक कथासंग्रह, एक प्रवासवर्णन आणि मी नावही न ऐकलेल्या एका लेखकाची सव्वाशे पानांची कादंबरी पाठवली. पहिली दोन मी वाचली, तिसरी दोनदा वाचली.

तेव्हा फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवाव्यात: मनापासून आवडलेली दोन पुस्तके, अर्धवट टाकलेले एक, किती पानांचे झेपेल याचा अंदाज, आणि सध्या काय नको आहे ते. शेवटची गोष्ट सांगण्याचा संकोच करू नये. कर्करोगाची, मृत्यूची किंवा इस्पितळाची कथा कितीही मोठ्या लेखकाची असली, तरी दुखणाइताला ती त्या आठवड्यात नको असू शकते.

वाचनालयाचे पुस्तक हातात आले की मलपृष्ठावरचा मजकूर वाचण्याआधी शेवटचे पान उघडावे. तेथे चिकटवलेल्या कागदावर परतीच्या तारखांचे शिक्के असतात. जुने पुस्तक असूनही तारखा दाटीने असतील आणि अगदी अलीकडच्याही असतील, तर ते पुस्तक कोणत्याही जाहिरातीवाचून पिढ्यानुपिढ्या वाचले जात आहे, असे समजावे. नवे असताना महिनाभर हातोहात फिरले आणि नंतर दहा वर्षे कोणी शिवले नाही, असेही त्या शिक्क्यांवरून कळते. समासात पेन्सिलीने लिहिणे हा गुन्हाच आहे, तरी माझ्या त्या पातळ कादंबरीच्या अखेरच्या पानावर कोणा जुन्या वाचकाने 'सावकाश वाचावे' एवढेच लिहून ठेवले होते, आणि तो सल्ला योग्य होता.

दिवाळी अंक केव्हाही वाचता येतात

दुपारच्या जड डोळ्यांसाठी दिवाळी अंकासारखे दुसरे साधन मला सापडलेले नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत ही एक वेगळीच संस्था तयार झाली आहे. एका जिल्दीत कथा, लेख, कविता, व्यंगचित्रे आणि क्वचित अख्खी कादंबरीही येते आणि त्यातले प्रत्येक पान एका संपादकाने निवडलेले असते. दिवाळी संपली की लोक ते अंक माळ्यावर टाकतात. घरी अडकलेल्या माणसाने शेजारीपाजारी निरोप धाडावा. मला चार घरांतून गेल्या सहा वर्षांचे १७ अंक मिळाले. वाचनालयात बहुधा दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी असते आणि ती योजना दिवाळीनंतर काही महिने चालते, तेही विचारून घ्यावे.

जुना अंक वाचण्याची रीत नव्या अंकाहून वेगळी आहे. राजकारणावरचे लेख शिळे झालेले असतात, ते सोडावेत. कथा वाचाव्यात आणि जी कथा आवडेल तिच्या लेखकाचे नाव वहीत टिपावे. तीन अंकांत एकच नाव दोनदा टिपले गेले की त्या लेखकाचे पुस्तक ग्रंथपालांकडे मागावे. अनोळखी लेखकाचे दोनशे पानांचे पुस्तक चाचपण्यापेक्षा त्याची आठ पानांची कथा चाचपणे केव्हाही स्वस्त पडते.

अनुवादकाचे नाव लक्षात ठेवावे

परभाषेतले काही वाचायचे झाले तर मूळ लेखकाच्या कीर्तीपेक्षा अनुवादकाची निवड मला अधिक उपयोगी पडली. जो माणूस वर्षभर खपून एक पुस्तक आपल्या भाषेत आणतो, त्याने ते आपल्यापेक्षा फार बारकाईने पारखलेले असते. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांचा माग धरला की कन्नडमधले भैरप्पा, पूर्णचंद्र तेजस्वी आणि इतर कितीतरी लेखक एका ओळीत भेटतात. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या; 'जीएं'च्या कथा ज्यांना जड वाटतात त्यांनाही त्या सहज वाचता येतात. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांचे अनुवाद किमतीला हलके असतात. अनुवादाचा दर्जा मात्र पुस्तकागणिक बदलतो, म्हणून पहिली दोन पाने वाचूनच पुढे जावे.

पैसे न देता काय मिळते

फुकट मिळणाऱ्या मराठी पुस्तकांचा साठा बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, पण त्यात शिरण्याआधी कायद्याचा एक नियम माहीत असावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढचे वर्ष सुरू झाले की तेथपासून ६० वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो. त्यानंतर ते सर्वांना खुले होते. हरिभाऊ आपटे आणि राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली आणि साने गुरुजी १९५० साली. या सर्वांचे लेखन आता खुले आहे. चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, त्यामुळे २०२४ च्या आरंभापासून चिमणराव आणि गुंड्याभाऊही या ओळीत येऊन बसले आहेत. दुखण्यात हसायचे असेल तर मी सर्वांत आधी त्यांच्याकडे बोट दाखवीन, फक्त बरगड्यांना टाके असतील तर जपून. दूरदर्शनवरच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ते ज्यांच्या लक्षात आहेत त्यांना पुस्तक वाचताना ते आवाज ऐकू येतात.

हे खुले लेखन शोधायचे तर मराठी विकिस्रोतापासून सुरुवात करावी. तेथे मजकूर टंकलेला असल्यामुळे अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आणि साने गुरुजींची अनेक पुस्तके तेथे आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांच्या छायाप्रती मोठ्या संख्येने आहेत, पण नावे रोमन लिपीत आणि वाटेल तशा वर्णलेखनात नोंदलेली असल्यामुळे एकच नाव तीन-चार तऱ्हांनी टाकून पाहावे लागते. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुष्कळ प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत, आणि त्यांत बाजारात आता न मिळणारी पुस्तकेही आहेत. हयात लेखकांच्या संमतीने दिलेली पुस्तके ई-साहित्य प्रतिष्ठानकडे मिळतात. तेथे दर्जा वरखाली आहे, पण गड-किल्ल्यांवरचे आणि भटकंतीवरचे लेखन मला हाती लागले ते तेथेच.

मराठी विश्वकोशही ऑनलाइन खुला आहे आणि ज्याला कथा-कादंबरीत मन लागत नाही त्याच्यासाठी तो उत्तम सोबती आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. एखादी नोंद उघडावी, तीत आलेल्या अनोळखी शब्दाची नोंद शोधावी, आणि असे चालत राहावे. एका दुपारी मी 'अस्थिभंग' पाहायला गेले आणि तासाभराने उंटाच्या नोंदीत सापडले.

नव्या पुस्तकांच्या चोरट्या प्रती मोबाइलवरून फिरतात, त्या घेऊ नयेत. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला कित्येकदा वर्षे लागतात, आणि अशा बाजारात दोनशे फुकटे वाचक म्हणजे प्रकाशकाचा एकपंचमांश धंदा असतो.

चित्रपट कसा शोधावा

चित्रपटांच्या बाबतीत पहिली अडचण निवडीची नसून सापडण्याची असते. ओटीटीवर चित्रपट ठराविक मुदतीच्या कराराने असतो. मुदत संपली की तो तेथून जातो आणि कधी दुसरीकडे उगवतो, कधी उगवत नाही. म्हणून एखाद्या चित्रपटासाठी वर्षाची वर्गणी भरण्यापूर्वी जस्टवॉचसारख्या ठिकाणी तो सध्या कोठे आहे हे पाहावे, आणि तेथे नाव नसेल तर निर्मात्याच्या किंवा संगीत कंपनीच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर शोधावे. जुने मराठी चित्रपट कित्येकदा तेथे पूर्ण मिळतात. प्रसार भारतीच्या आणि सह्याद्री वाहिनीच्या यूट्यूब वाहिन्यांवर जुने कार्यक्रम आणि मुलाखती आहेत. केंद्र सरकारच्या पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट दहा-वीस मिनिटांचे असतात आणि पाय ठणकत असताना तेवढाच वेळ बसवते.

ओटीटीचे शिफारस करणारे यंत्र आपण काल काय पाहिले यावरून आज काय दाखवायचे ते ठरवते. माझ्या खात्यावर भाच्याने दोन भयपट पाहिले आणि पुढे आठवडाभर मला भुतेच दिसत राहिली. यावर उपाय म्हणजे कोणीतरी विचारपूर्वक केलेली यादी घेऊन यंत्राकडे जाणे आणि त्यातले नाव थेट शोधपट्टीत टाकणे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी हे अशा यादीचे सोपे उदाहरण आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक १९५४ साली पहिल्यांदा दिले गेले ते 'श्यामची आई'ला. त्यानंतर 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव' या मराठी चित्रपटांना तो सर्वोच्च मान मिळाला. दरवर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाची यादी यापेक्षा बरीच लांब आहे आणि तीत आपण न ऐकलेली नावे हमखास सापडतात. मुंबईत १९६८ पासून चालणाऱ्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांनी काय काय दाखवले हे पाहणेही असेच उपयोगी पडते.

परीक्षक मंडळांची अभिरुची मात्र गंभीर विषयांकडे झुकते, हे लक्षात ठेवावे. 'श्वास' हा थोर चित्रपट आहे, पण तो आजोबा, नातू आणि डोळ्याची शस्त्रक्रिया यांचा आहे. मी तो प्लास्टर निघेपर्यंत पुढे ढकलला. 'कासव' नैराश्याविषयी आहे. 'देऊळ' बोचरा असला तरी हसवतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी, असे माझे मत आहे. नाव यादीतून घ्यावे आणि विषय दोन ओळींत वाचून मगच चित्रपट लावावा. एवढी खबरदारी पुरते. संपूर्ण परीक्षण वाचू नये, कारण मराठी परीक्षणे बहुतेक वेळा गोष्ट सांगून टाकतात.

चित्रपट दोन बैठकांत पाहण्यात काही कमीपणा नाही. आपल्याकडे मध्यंतर असतेच, फक्त ते चोवीस तासांचे करावे.

एक माग धरून पाहावा

सर्वांत समाधान मला लागोपाठ पाहिलेल्या आणि वाचलेल्या गोष्टींपेक्षा एकीतून दुसरी निघालेल्या गोष्टींनी दिले. त्याचे एक उदाहरण तपशिलाने देते. तिसऱ्या आठवड्यात मी गोविंद निहलानी यांचा १९८३ चा 'अर्धसत्य' हा हिंदी चित्रपट पुन्हा पाहिला. श्रेयनामावली सहसा आपण वाचत नाही. मला उठताच येत नव्हते, म्हणून वाचली. पटकथा विजय तेंडुलकरांची आणि मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची आहे. कथेचे नाव 'सूर्य'. मी ग्रंथपाल बाईंना फोन केला आणि पुस्तकाऐवजी ही कथा ज्यात असेल तो संग्रह मागितला. चित्रपटात दोन तासांहून थोडा अधिक वेळ चालणारा सगळा ताण कथेत किती थोड्या पानांत बसला आहे आणि तेंडुलकरांनी कोठे काय वाढवले आहे, हे शोधण्यात दोन सकाळी मजेत गेल्या.

याच चित्रपटात ओम पुरी जी कविता वाचतात ती दिलीप चित्रे यांची आहे. तेथून चित्र्यांकडे वळले, तर त्यांनी तुकारामांचे अभंग इंग्रजीत नेले होते. 'सेज तुका' हे ते पुस्तक १९९१ चे. जे अभंग लहानपणापासून कानावर पडून गुळगुळीत झाले होते, ते परभाषेत वाचताना मला थांबून विचार करावा लागला आणि प्रत्येक अभंगासाठी मूळ गाथा उघडावी लागली. गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत, त्यामुळे ती सलग वाचण्याचा हट्ट धरू नये. दिवसाला पाच अभंग मोठ्याने वाचावेत, तेवढ्याने घसाही मोकळा होतो. तुकाराम हाताशी असताना प्रभात कंपनीचा १९३६ चा 'संत तुकाराम' पाहणे ओघानेच आले. दामले आणि फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला आणि विष्णुपंत पागनीस त्यात तुकाराम झाले. पूर्वी मी तो पागनिसांसाठी पाहिला होता. या वेळी माझी नजर गौरी यांनी उभ्या केलेल्या जिजाईवरून हलली नाही. नवरा विठ्ठलनामात आणि घरात दाणा नाही, अशा स्थितीत वहाण हातात घेऊन ती विठोबालाच जाब विचारायला देवळात शिरते, तो प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. 'अर्धसत्य'मधल्या पोलीस सब-इन्स्पेक्टरच्या गोष्टीपासून मी देहूला पोचले होते, आणि या सगळ्याला दहा दिवस लागले होते.

असा माग कोणत्याही आवडलेल्या गोष्टीपासून सुरू करता येतो. 'सिंहासन' पाहिला असेल तर अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन्ही कादंबऱ्या मागवाव्यात, कारण चित्रपट त्या दोहोंवर उभा आहे. 'उंबरठा' आवडला असेल तर शांता निसळ यांची 'बेघर' शोधावी. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' एका दिवसात वाचून होते आणि अमोल पालेकरांचा चित्रपट दुसऱ्या दिवशी पाहता येतो. आधी पुस्तक की आधी चित्रपट, यावर लोक वाद घालतात. माझा हिशेब सोपा आहे: पुस्तक लहान असेल तर ते आधी वाचावे, जाड असेल तर चित्रपट आधी पाहावा, म्हणजे पात्रांचे चेहरे ओळखीचे होतात आणि शंभराव्या पानावर 'हा कोण' म्हणून मागे जावे लागत नाही.

दिवा मालवल्यावर

रात्रीच्या जागरणाला श्राव्य पुस्तकांचा आधार घ्यावा. स्टोरीटेल भारतात २०१७ च्या अखेरीस आले तेव्हापासून मराठी श्राव्य पुस्तकांची संख्या बरीच वाढली आहे. येथे निवड करताना लेखकाआधी वाचणाऱ्याचा आवाज पाहावा, कारण आवाज रुचला नाही तर उत्तम कादंबरीही अर्ध्या तासात नकोशी होते. पहिली पाच मिनिटे दिवसाच ऐकून ठेवावीत आणि रात्री झोपेची घडी लावून, म्हणजे वीस मिनिटांनी आवाज आपोआप बंद होईल अशी सोय करून, ऐकावे. नाहीतर सकाळी जाग येते तेव्हा गोष्ट चार प्रकरणे पुढे गेलेली असते आणि आपण कोठे झोपलो हे शोधण्यात दुसरी रात्र जाते. एकाच कॅमेऱ्याने टिपलेली जुनी नाटकेही मी पडदा उलटा ठेवून नुसती ऐकली. संवाद चांगले असतील तर काही बिघडत नाही, आणि संगीत नाटकात तर पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखेच अधिक असते. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर घरी बसलेल्यांनी हाच प्रकार दिवसासाठी वापरावा.

सोडून देणे आणि परत करणे

पन्नास पानांत किंवा चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या तासात मन लागले नाही तर निःसंकोच थांबावे. सोडलेल्या गोष्टीची नोंद मात्र वहीत करावी: कोठे थांबलो आणि का. 'कंटाळा आला' असे न लिहिता 'पात्रे फार', 'बोलीभाषा कळेना', 'औषधाच्या वेळी वाचले' असे लिहावे. शेवटचे कारण असेल तर दोष पुस्तकाचा नसतो आणि ते सकाळच्या वेळी पुन्हा उघडून पाहता येते.

वाचनालयाची मुदत फोनवर वाढवून मिळते का हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे, नाहीतर विलंबशुल्क चढत जाते. पुस्तके परत धाडताना त्यांत एक चिठ्ठी ठेवावी. मी एका कादंबरीत ६२ व्या पानाशी कागद घातला आणि त्यावर लिहिले की येथपर्यंत आले, माणसे खरी वाटली, पण लेखक मध्येच थांबून मला समजावून सांगू लागतो. पुढच्या मंगळवारी पिशवीतून त्याच लेखकाचा, कादंबरीच्या दहा वर्षे आधीचा कथासंग्रह आला, आणि त्यावर बाईंच्या अक्षरात लिहिलेले होते, 'यात समजावत नाही.' तो मी दोन दिवसांत संपवला.